ब्रेककाकांचं तळं

ब्रेककाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता काकूंनासुद्धा जरा आठवावं लागतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकणारा स्टिअरिंगवर, काका शेजारी, आणि काकांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकवायच्या गाडीला तो असतोच म्हणा. पण बाकीचे शिकवणारे तो अडीनडीला वापरतात, काका येताजाता वापरायचे. समोर मांजर दिसलं, ब्रेक. मांजर येईल असं वाटलं, ब्रेक. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून शिकून गेलं, आणि त्या निम्म्या गावाची मान एकदा तरी त्यांच्यापायी लचकलेली आहे.

स्वभावच तसा, त्याला काय करणार! ताक फुंकून पिणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत, काका पाणीसुद्धा फुंकून पितील. घरात टीव्ही बघतानाही पडद्यावरची गाडी वळली की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. सोफ्यापुढच्या सतरंजीला त्या जागी भोक पडलं. काकूंनी सतरंजी फिरवून घातली, तर वर्षभरात दुसऱ्या टोकालाही पडलं.

वय झालं तशी काकांनी गाडी विकून टाकली. आणि मग सुरू झाली खरी पंचाईत. घरामागच्या अंगणात जिथं ती गाडी वर्षानुवर्षं उभी राहायची, तिथं गवताचं पातं नसलेला एक चौकोन उरला. काका सकाळी चहा घेऊन त्या चौकोनाकडे बघत बसायचे. दुपारी बघत बसायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, एक तर तिथं काहीतरी करा, नाहीतर तुम्हीच त्यावर उभे राहा, म्हणजे जागा तरी भरेल."

काकांनी तिथं तळं खणलं. स्वतःच्या हातानं, कंबर धरत, दर चार फावड्यांमागे एकदा थांबून. जाडजूड प्लास्टिक अंथरलं, कडेनं दगड रचले, आणि पाणी जास्त झालं तर वाहून जायला मागच्या बाजूला एक तोंड ठेवलं. अंगणामागून ओढा जातो, तो पुढं गावच्या तलावाला मिळतो. काकांच्या तळ्याचं जास्तीचं पाणी त्या ओढ्यात जाणार, अशी सगळी चोख व्यवस्था.

आता तळं म्हटलं की झाडं आली. शेजारी शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांना गाडी काकांनीच शिकवलेली. तेव्हा हँडब्रेक न सोडताच गाडी काढली म्हणून काकांनी त्यांची भर रस्त्यात अशी काही उजळणी घेतली होती की बाई अजून गाडीत बसल्या की आधी हँडब्रेककडे बघतात. त्यामुळे काका जेव्हा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "बाई, मला जरा पाणवनस्पती शिकवा," तेव्हा बाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू!

"काका, पहिला नियम," बाई म्हणाल्या, "झाड इथलं हवं. म्हणजे आपल्या ओढ्याकाठी, तलावात जे पूर्वापार आपलं आपण उगवतं ते. त्याला इथली हवा सोसते, लाड लागत नाहीत. इथले बेडूक, इथले चतुर त्याच्या पानांवर अंडी घालतात. आणि मुख्य म्हणजे त्याला आवर घालणारे किडेही इथंच असतात. बाहेरून आणलेल्यांतली काही गुणी असतात, नाही असं नाही. पण काहींना इथं कुणी खाणारंच नसतं. मग ती माजतात."

"म्हणजे ब्रेक नसलेली गाडी," काका म्हणाले.

"झालं! तुम्हाला सगळं कळलं," बाई म्हणाल्या.

"मग ओढ्यातलीच चार उपटून आणतो की."

"अजिबात नाही! तिथलं तिथं राहू द्या. तुमच्या तळ्यासाठी ओढा कशाला ओरबाडायचा? रोपवाटिकेत चला."

रोपवाटिकेचा मालक बिचारा सज्जन माणूस. त्यानं हौसेनं पहिलंच एक झुबकेदार रोप पुढं केलं. "हे न्या साहेब. परदेशी आहे. पंधरवड्यात तळं भरून टाकेल."

"भरून टाकेल म्हणजे?" काकांचे डोळे बारीक झाले. "आणि मग थांबेल कुठं?"

"थांबायचं कशाला? वाढतच राहील!"

"नको," काका म्हणाले, आणि बाई सांगतात, त्यांचा उजवा पाय तिथं मातीत चांगला बोटभर रुतला.

पुढं तासभर काकांनी त्या मालकाची जी उलटतपासणी घेतली ती एखाद्या वकिलानं बघून शिकावी. हे कुठलं? मुळं किती लांब जातात? बी उडतं का? तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतं का? उन्हाळ्यात काय करतं? मालकानं घाम पुसला. अखेरीस काकांच्या परीक्षेला उतरली ती चारच: पाण्यात पसरायला पांढरं कुमुद, कडेच्या उथळ पाण्यात वेखंड, दगडांच्या फटीत ब्राह्मी आणि ओल्या कोपऱ्यात थोडा लव्हाळा. त्यातही लव्हाळ्याला काकांनी बजावून कुंडीत घातलं, कारण "हा दिसतो गरीब, पण याच्या मनात काय आहे सांगता येत नाही."

झाडं लागली. कुमुदाची गोल पानं पाण्यावर आली, वेखंडाला नवे कोंब फुटले, एक बेडूक कुठूनसा मुक्कामाला आला. काका खूश होते. तरी त्यांच्या मनात एक जागा रिकामीच होती, आणि ती त्या चौकोनासारखी खणून भरता येण्यातली नव्हती.

काकांना एक थोरली बहीण आहे. ताई. आई लवकर गेली, तेव्हा काकांचं नाक पुसण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं या ताईनं केलं. आणि याच ताईशी काकांची बोलचाल बंद होती. झालं होतं असं, की भाऊजी गेले आणि त्यांची गाडी ताईच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहिली. वर्ष उलटल्यावर ताई म्हणाली, "ती गाडी मला चालवायचीय." साठी ओलांडलेली बाई! लोक हसले. पण भाऊ असताना दुसरीकडे कशाला शिकायचं, म्हणून ती काकांच्या गाडीत बसली. हुशार ती पहिल्यापासूनच. हात सफाईदार, नजर पक्की. पण काकांना आपली बहीण म्हणजे काचेचं भांडं. परक्यांना ते मांजर दिसल्यावर ब्रेक मारायचे, ताईला मांजराच्या नुसत्या शंकेवर.

आणि एक दिवस मोठ्या चौकात ताईनं नीट थांबून, नीट बघून, नीट दिवा लावून गाडी वळवायला घेतली. पलीकडून बस येत होती. चांगली लांब होती. काकांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न. मागच्या गाडीतून कुणीतरी डोकं काढून ओरडलं, "आजीबाई, घरी बसा की!"

ताई शांतपणे म्हणाली, "बस लांब होती, गुंड्या."

"लांब असली तरी बस होती ना!" काका म्हणाले.

ताईनं किल्ली काढली, काकांच्या हातात ठेवली, दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. घरातल्या समारंभाच्या फोटोत ताई एका टोकाला आणि काका दुसऱ्या टोकाला, मधे सगळं खानदान. माफी मागायची काकांना फार इच्छा होती, पण तोंड उघडायची वेळ आली की तिथंही त्यांचा ब्रेक लागायचा. काकूंचं आणि ताईचं मात्र फोनवर व्यवस्थित चालू असे. पुरुषांच्या अबोल्यात बायकांनी का म्हणून गप्प बसायचं?

तर काकूंकडूनच ताईला तळ्याची बातमी कळली, आणि एका संध्याकाळी ताईकडचा दूधवाला दारात एक बादली ठेवून गेला. बादलीत एक रोप. देठांना टपोरे फुगे, तुकतुकीत पानं, आणि वर जांभळ्या फुलांचा तुरा. "ताईबाईंनी दिलंय. गुंड्याच्या तळ्यासाठी, म्हणाल्या."

गुंड्या! काकांनी बादली दोन्ही हातांनी उचलली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला, तर चष्मा डोळ्यांवर नव्हताच. हे कुठलं? मुळं किती? बी उडतं का? एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. रोपवाटिकेवाल्याला तासभर छळणाऱ्या या माणसानं ते रोप उचललं आणि तळ्याच्या बरोब्बर मधोमध सोडलं.

ते रोप म्हणजे जलपर्णी होती.

पुढं काय झालं ते ज्यांनी तुंबलेली नदी पाहिलीय त्यांना सांगायला नको. एकाची दोन झाली, दोनाची चार. बोट दिलं की हात धरणारी जात ती. काकू आधी म्हणाल्या, "काय सुंदर फुलं हो!" पंधरवड्यानं म्हणाल्या, "जरा जास्तच सुंदर होतायत." कुमुदाची पानं खाली दबली. बेडूक दगडावर येऊन बसू लागला, घरमालकानं सामान बाहेर काढल्यासारखा.

एक दिवस बाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि त्यांच्या हातातला टॉवेल गळून पडला. "काका! ही अवदसा कुठून आणलीत?"

"अवदसा म्हणू नका," काका दुखावून म्हणाले. "ताईनं दिलंय."

"कुणीही देऊ दे. आज काढा. पाण्यावर अशी चादर पसरते की खाली उजेड नाही, हवा नाही. खालचं सगळं गुदमरून मरतं. आणि तळं भरून वाहिलं, यातलं एक जरी ओढ्यात गेलं, तर पुढचा अख्खा तलाव गेला म्हणून समजा."

"बाई, तुमचं सगळं पटतंय मला," काका म्हणाले. "पण ते काढता यायचं नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात, इथं तर खुद्द बहिणीचीच भीड. बाईंनी कपाळाला हात लावला. मांजराच्या शंकेवर गाडी थांबवणारा हा माणूस, आणि आता डोळ्यांदेखत संकट अंगावर येतंय तर पाय वर करून बसलाय!

काकांनी मार्ग काढला. त्यांच्या दृष्टीनं फार अक्कलहुशारीचा. जुन्या टायरची ट्यूब हवा भरून तळ्यात तरंगत ठेवली आणि जलपर्णी तिच्या आत कोंबली. "हे तिचं पार्किंग," काकूंना म्हणाले. "याच्या बाहेर ती येणार नाही." जलपर्णीनं काही कुठं लायसन्स काढलेलं नव्हतं. आठवड्याभरात ती ट्यूबवरून बाहेर आली, आणि तिनं ट्यूबच दिसेनाशी केली.

आणि नेमका तेव्हाच ताईचा निरोप आला. काकूंच्या फोनवर. रविवारी येतेय. गुंड्याच्या तळ्यात माझं झाड कसं रुजलंय ते बघायचंय.

काकांची झोप उडाली. इतक्या वर्षांनी ताई दारात येणार, ती त्या झाडासाठी. ते काढलं तर संपलंच सगळं, पुन्हा ती जायची ती कायमची. "काढायचं नाही," त्यांनी काकूंना बजावलं. "ती येऊन जाऊ दे. मग बघू."

पण शनिवारी दुपारी पाऊस आला. साधासुधा नव्हे, कौलं फोडायला आल्यासारखा. काका पडवीतून बघत होते. तळ्यातलं पाणी दगडांपर्यंत चढलं, आणि मागच्या तोंडातून ओढ्याकडे धावायला लागलं. त्याबरोबर जलपर्णीची हिरवी चादर हलली, आणि सगळीच्या सगळी त्या तोंडाच्या दिशेनं सरकायला लागली.

काका छत्री न घेता पळाले. जाता जाता स्वयंपाकघरातून पिठाची चाळण उचलली. काकू "अहो, ती चाळण!" म्हणेपर्यंत ते तोंडापाशी उकिडवे बसून चाळणीनं वाट अडवत होते. एक रोप अडवलं. दुसरं अडवलं. तिसरं चाळणीखालून सुटलं ते त्यांनी पाण्यात आडवं पडून, हात लांबवून धरलं. आणि ते रोप मुठीत धरून, नाकातोंडात पाणी, चिखलात पालथे पडलेले काका ओढ्याकडे बघत राहिले. तळ्यात ठेवलं तर ओढा जातो, काढून टाकलं तर ताई जाते. त्यांना रडूच आलं.

"अगं," ते काकूंना ओरडून म्हणाले, "घमेलं आण."

दोघांनी भर पावसात सगळी जलपर्णी उपसली. बाईही कुंपणावरून उडी मारून आल्या, शाळेच्या बाई आहोत हे विसरून. काळ्या, केसाळ मुळांचे लोंबते गुंते काढून काढून त्यांनी पडवीत छपराखाली ढीग लावला, ओढ्यापासून लांब. एक रोपसुद्धा काकांनी मागं ठेवलं नाही. काकू म्हणाल्या, ताईंना दाखवायला एक तरी बादलीत ठेवा. काका म्हणाले, "नको. खोटं नको आता."

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. भाऊजींची जुनी गाडी. काका चालकाचे आभार मानायला पुढं झाले, तर चालकाच्या जागेवरून ताई उतरली. केस पांढरे, पाठ ताठ. किल्ली बोटात फिरवत.

"तू चालवतेस?" काकांच्या तोंडून निघालं. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही हे!

"दिसत नाही का," ताई म्हणाली. "दुसऱ्या स्कूलमध्ये शिकले. एक मुलगी शिकवायची. झाड कुठंय माझं?"

काकू आत चहाच्या निमित्तानं पळाल्या. काका ताईला मागच्या अंगणात घेऊन गेले. तळ्यात निवळ पाणी, सुटलेली कुमुदाची पानं, कडेला वेखंड. दगडावरचा बेडूक पाण्यात उतरलेला. आणि पडवीत मरगळलेल्या जलपर्णीचा ढीग. काकांनी तोंड उघडलं आणि या वेळी ब्रेक लागायच्या आत भडाभडा बोलून टाकलं.

"काढलं, ताई. सगळं काढलं. तू दिलेलं म्हणून खूप दिवस हात लावला नाही. पण काल ते ओढ्याला लागलं असतं. तलाव मेला असता. तुला राग आला असेल तर येऊ दे. त्या दिवशी चौकात माझं चुकलं होतं. बस लांब होती. ते मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण हे झाड काढण्यात माझं चुकलेलं नाही."

ताई ढिगापाशी गेली. वाकून एक रोप उचललं, उलटं करून मुळं बघितली. काकांना वाटलं, आता पुन्हा पाठ फिरवणार आणि चालू लागणार.

"ह्यांनी आमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात काय काय लावलं होतं," ती म्हणाली. "कमळ होतं, तुझ्यासारखंच कुमुद होतं. ते गेल्यावर एकेक करून सगळं मेलं. मला वाटलं, माझ्याच हाताला यश नाही. हे तेवढं जगलं. म्हणून ह्यांची आठवण म्हणून जपलं, आणि म्हणूनच तुला पाठवलं. जे जगलं तेच देणार ना मी?"

काका जवळ गेले. "ताई, ती बाकीची मेली ती तुझ्या हातानं नाहीत गं."

"कळलं ते. यानंच मारली." ताईनं रोप परत ढिगावर टाकलं आणि हात झटकले. तिचे डोळे ओले होते, पण आवाज जुना, शाळेत पोचवतानाचा. "या वेळी बस जवळ होती, गुंड्या. बरोबर मारलास ब्रेक."

काका हसले की रडले ते त्यांनाच ठाऊक नाही. चष्मा पुसला त्यांनी. या वेळी होता डोळ्यांवर.

"आता चल," ताई म्हणाली. "माझं टाकं या बयेनं गिळलंय. घमेलं घे. आणि ते कुमुद एखादं देशील का?"

"देतो की! पण ताई, तळाशी बी राहतं तिचं, बाई सांगत होत्या. एकदा काढून भागत नाही. कितीतरी वर्षं लक्ष ठेवावं लागतं, कोंब दिसला रे दिसला की उपटायचा."

"मग ये की दर रविवारी. नाहीतरी तुला दुसरं येतंय काय!"

काकूंचा चहा तसाच राहिला. काका ओल्या फडक्यात गुंडाळलेला कुमुदाचा कंद पोटाशी धरून गाडीत बसले, ताईच्या शेजारी, आयुष्यभराच्या आपल्या जागेवर. पायाशी या गाडीला ब्रेक नव्हता. नुसती रबरी चटई. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग दोन्ही चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. ताईनं तिरक्या नजरेनं बघितलं आणि गाडी सुरू केली.

मोठ्या चौकात ताई थांबली. नीट बघितलं, नीट दिवा लावला. पलीकडून बस येत होती. काकांनी कंद घट्ट धरला. मांडीतला उजवा पाय थरथरला, तो त्यांनी डाव्या पायाखाली सारला.

"बस लांब आहे, ताई," ते म्हणाले. "जा तू."

"दिसतंय मला," ताई म्हणाली, आणि तिनं गाडी वळवली.